पिशवीतले रिपोर्ट ते फोनवरची तपासणी: गावाकडच्या आईवडिलांच्या उपचारांची घडी कशी बसवावी

आईच्या औषधांची एक कापडी पिशवी आहे, साडीच्या दुकानातली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गावी गेले तेव्हा ती पिशवी मी पलंगावर पालथी केली. औषधांच्या पट्ट्या, चुरगळलेल्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, एक जुना ईसीजी असं सगळं त्यातून निघालं. त्यात दोन पट्ट्या होत्या. रंग वेगळे, नावं वेगळी, लिहून देणारे डॉक्टरही वेगळे. पाठीमागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली तर दोन्हींवर एकच घटक होता: टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचं औषध, ४० मिलिग्रॅम. एक गोळी गावातल्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी शहरातल्या. आई दोन्ही घेत होती. "उठलं की डोळ्यापुढं अंधारी येतीया," असं ती कित्येक दिवस सांगत होती आणि आम्ही ते वयावर ढकलत होतो.

डॉक्टरांपैकी कोणाचंच चुकलं नव्हतं. एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या नजरेस पडली नव्हती, एवढंच. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: डिजिटल आरोग्यसेवा म्हणजे फोनवर आणखी एक ॲप टाकणं नव्हे. योग्य कागद योग्य डॉक्टरांसमोर योग्य वेळी असणं, ही खरी डिजिटल आरोग्यसेवा. इंटरनेटचा उपयोग त्यासाठी करायचा.

मी पुण्यात असते. आई गावी भाऊ-वहिनींकडे असते आणि रोजचं सगळं वहिनीच बघते. तुमचीही गत अशीच असेल, म्हणजे तुम्ही मुंबईत, बंगळुरूत नाहीतर परदेशात आणि आईवडील गावी, तर पुढचा क्रम तुमच्या उपयोगी पडेल. सगळं एका दिवसात होत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांना एक शनिवार-रविवार द्या, बाकीचं सवडीने करा.

पहिली पायरी: पिशवी रिकामी करा आणि औषधांची यादी करा

घरात असलेलं प्रत्येक औषध एका जागी आणा. गोळ्या तर आणाच, पण डोळ्यांचे थेंब, इन्शुलिन, दम्याचा पंप, गुडघ्याला लावायचं मलम, वैद्यांचं चूर्ण आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही आणा. दुखण्याच्या गोळ्या लोक औषधात धरतच नाहीत. पण डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. त्यामुळे डॉक्टरांना त्या कळायलाच हव्यात.

मग यादी लिहा. कंपनीचं नाव पट्टीवर मोठ्या अक्षरात असतं आणि घटकाचं नाव त्याच्याखाली बारीक. तुम्हाला बारीक अक्षरातलं नाव हवं आहे. प्रत्येक औषधासमोर एवढं लिहा: घटक, किती मिलिग्रॅम, दिवसातून केव्हा, कशासाठी, कोणी सुरू केलं आणि कधीपासून. एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती यादीच्या अगदी वर, ठळक लिहा. त्याखाली जुने आजार आणि ऑपरेशनं, वर्षासकट.

यादीत एकच घटक दोनदा आला, तर कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. यादीचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा आणि विचारा. आमच्या बाबतीत गावातल्या डॉक्टरांनी एक गोळी थांबवली, दोन आठवडे रक्तदाब लिहून ठेवायला सांगितला आणि आईची अंधारी गेली.

ही यादी फोनच्या नोंदवहीत टाइप करून ठेवा. औषध बदललं की त्याच दिवशी यादी बदला आणि वर तारीख घाला. तारीख नसलेल्या यादीवर कोणताही डॉक्टर विसंबत नाही, आणि ते बरोबरच आहे.

दुसरी पायरी: कागद फोनमध्ये आणा

सगळ्यात आधी ईसीजीला हात घाला. ईसीजीची पट्टी बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. ऊन, उकाडा, प्लास्टिकचं पाकीट यांनी ती हळूहळू फिकी पडत जाते. आईच्या पिशवीतल्या ईसीजीवर तारीख दिसत होती, पण रेघा जवळजवळ उडाल्या होत्या. कुणी प्रेमाने अशी पट्टी लॅमिनेट करून ठेवतं, तेही करू नका. लॅमिनेशनच्या उष्णतेने तो कागद काळा पडतो. ईसीजी काढला की त्याच दिवशी फोटो काढायचा, आणि एक झेरॉक्सही काढून ठेवायची. हृदयाच्या डॉक्टरांना आजच्या ईसीजीइतकाच जुनाही लागतो. नवीन काय घडलंय ते त्यांना जुन्याशी ताडूनच ठरवता येतं.

त्यानंतरचा क्रम असा ठेवा: डिस्चार्ज कार्डं, ऑपरेशनचे कागद, बायोप्सीचा रिपोर्ट असेल तर तो, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि इतर सोनोग्राफी, मग गेल्या दोन-तीन वर्षांचे रक्त-लघवीचे रिपोर्ट आणि शेवटी सध्या चालू असलेल्या चिठ्ठ्या. विमा किंवा सरकारी योजनेची फाइल करायची नसेल तर बिलं वगळा.

फोटो काढताना कॅमेऱ्याऐवजी स्कॅनची सोय वापरा. अँड्रॉइड फोनवर गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅन करता येतं, आयफोनवर नोट्समध्ये. कागद खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, चारही कोपरे चौकटीत येऊ द्या. मागची बाजू विसरू नका. आपल्याकडे डॉक्टर चिठ्ठीच्या पाठीवर रक्तदाब, वजन आणि पुढची तारीख लिहितात. एका आजाराच्या चार पानांची एकच पीडीएफ करा. चार सुटे फोटो पाठवले की तिसरं पान हमखास राहतं.

नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर कागद कसला ते लिहा. उदाहरणार्थ, २०२४-११-०३ क्रिएटिनिन. (क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारी रक्ततपासणी.) अशी नावं दिली की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. क्रम लागल्याचा मोठा फायदा असा: क्रिएटिनिन किंवा तीन महिन्यांची सरासरी साखर एकदा किती आली यापेक्षा ती कोणत्या दिशेला चालली आहे हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं. ओळीने पाच रिपोर्ट समोर आले की ती दिशा लगेच दिसते.

एक्स-रेची फिल्म असेल तर खोलीतला दिवा बंद करा, कॉम्प्युटरचा पडदा पांढरा करा, फिल्म त्यावर धरा आणि फोटो काढा. एमआरआय किंवा सीटी स्कॅनची सीडी मिळाली असेल तर सीडीतला आख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, नुसती चित्रं नकोत. नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते, म्हणून ज्या केंद्रात स्कॅन काढला तिथेच विचारा, बरीच केंद्रं आता लिंक पाठवतात. रक्ताच्या तपासणीचा रिपोर्टही लॅबकडून पीडीएफमध्येच मागा. कागदाच्या फोटोपेक्षा तो केव्हाही स्वच्छ असतो.

व्हॉट्सॲपवर रिपोर्ट धाडताना फोटो म्हणून धाडू नका, डॉक्युमेंट म्हणून धाडा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो आकसून पाठवतं आणि बारीक आकडे पुसट होतात. १.१ आणि ७.१ मधला फरक अशा पुसटपणात हरवू शकतो.

जुने कागद हॉस्पिटलकडेच राहिले असतील तर अर्ज करून मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने कागद मागितले तर ते ७२ तासांत द्यायचे. भरती रुग्णांचे कागद तीन वर्षं जपायची अट त्याच नियमांत आहे. तोंडी मागू नका. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तो भावंडांबरोबर शेअर करा. फाइली बदलण्याचा अधिकार मात्र दोघांनाच द्या, बाकीच्यांना फक्त बघता यावं. मूळ कागद फेकू नका.

तिसरी पायरी: आभा क्रमांक काढा, पण तो कशासाठी हे समजून

आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला. त्यातून प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. तो फुकट आहे आणि ऐच्छिक आहे. आधारवर किंवा वाहन परवान्यावर काढता येतो. आभाचं सरकारी ॲप किंवा संकेतस्थळ उघडायचं, आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी टाकायचा, बस. कोणी यासाठी पैसे मागत असेल तर तिथून उठा.

गाडी अडते ती ओटीपीपाशी. आईच्या आधारला जोडलेला नंबर माझ्या चुलतभावाचा निघाला, तोही बंद पडलेला. गावात हे सर्रास आहे, कारण आधार काढताना ज्याचा फोन हाताशी होता त्याचा नंबर दिला गेला. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या. शक्यतो नंबर आईचा स्वतःचा द्या, तुमचा नको. ओटीपी येईल तेव्हा तो तिच्या फोनवर यावा आणि तिला समजूनच पुढे जावा.

आता सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो सांगते. आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आभा म्हणजे तुमच्या वैद्यकीय नोंदींचा क्रमांक, त्यावर उपचार फुकट होत नाहीत. आयुष्मान कार्ड म्हणजे २०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जन आरोग्य योजनेचं कार्ड, ज्यावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत भरती होऊन उपचार मिळतात. आमच्या शेजारच्या काकांनी हॉस्पिटलच्या खिडकीवर आभा कार्ड पुढे केलं आणि ते चालत नाही म्हटल्यावर पार खचले. चूक त्यांची नव्हती, दोन्ही कार्डांचा फरक त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

आभाचा रोजचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे केसपेपरची रांग. अनेक सरकारी रुग्णालयांत नोंदणीच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो. आभाच्या ॲपमधून तो स्कॅन केला, नाव-वय-पत्ता पाठवायला होकार दिला की टोकन नंबर मिळतो. सकाळी सातपासून रांगेत उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ही फार मोठी सुटका आहे. दुसरा उपयोग नोंदी जोडण्याचा. जी रुग्णालयं आणि लॅब या यंत्रणेला जोडलेल्या आहेत, त्यांच्याकडचे रिपोर्ट तुमच्या ॲपमध्ये येऊ शकतात. ते सरकारच्या एखाद्या मोठ्या कपाटात जमा होत नाहीत. ज्या रुग्णालयात तयार झाले तिथेच राहतात आणि तुम्ही परवानगी दिली तरच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. परवानगी देताना कुठले कागद आणि किती दिवसांसाठी हे तुम्हाला ठरवता येतं, दिलेली परवानगी काढूनही घेता येते. मुदत नेहमी कमीत कमी ठेवा.

पण जुनी चिठ्ठी, गावातल्या दवाखान्याचा कागद हे आभात आपोआप येत नाही. आभा काढलं म्हणून दुसरी पायरी टळत नाही.

चौथी पायरी: घरचं मोजमाप, तेही पद्धतशीर

फोनवर डॉक्टरांना तुमच्या आईचा हात हातात घेता येत नाही. त्याची थोडी तरी भरपाई घरी नीट मोजलेल्या आकड्यांनी होते. निष्काळजीपणे मोजलेला आकडा मात्र नसलेल्या आकड्यापेक्षा वाईट, कारण त्यावर गोळी वाढते किंवा कमी होते.

रक्तदाबाचं यंत्र दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा आवळला की आकडा खोटा वाढतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं. मग खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, मांडीवर मांडी न घालता पाच मिनिटं शांत बसायचं. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या उंचीला येईल. बाहीवरून पट्टा बांधायचा नाही. मोजताना बोलायचं नाही. वहिनीला हेच सगळ्यात अवघड गेलं, कारण यंत्र फुगायला लागलं की आईला नेमकी कुणाची तरी चौकशी आठवते. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस हे करा. सकाळी गोळी घेण्यापूर्वी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी काढा. रक्तदाब जास्त म्हणायला दवाखान्यात १४०/९० ही जी रेघ धरतात, ती घरच्या मोजमापासाठी १३५/८५ धरतात. एखादा आकडा वर गेला म्हणून घाबरून अर्धी गोळी जास्त देऊ नका, सरासरी डॉक्टरांना कळवा.

उठल्यावर चक्कर येत असेल तर आणखी एक मोजमाप घ्या: आडवं पडून मोजा, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ते लगेच डॉक्टरांना सांगा. आमच्याकडे हे आधी केलं असतं तर त्या दोन गोळ्या लवकर सापडल्या असत्या.

साखर मोजताना हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा किंवा केळ सोलल्यानंतर तसंच बोट टोचलं तर फळाची साखरही मोजली जाते. पट्ट्यांच्या डबीवरची मुदत बघा, झाकण घट्ट लावा. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा. ऑक्सिमीटर लावताना नखांना रंग नसावा आणि बोट गार नसावं, नाहीतर आकडा चुकतो.

नोंदी वहीतच ठेवा. वहिनी त्या पानाचा फोटो दर रविवारी मला पाठवते. आम्ही दोन ॲप वापरून बघितली आणि सोडली. वही शाळेतल्या पोरालाही भरता येते, आणि रेंज नसली तरी अडत नाही.

पाचवी पायरी: व्हिडिओवर डॉक्टरांना दाखवणं

भारतात डॉक्टरांनी फोन-व्हिडिओवरून तपासण्याची नियमावली २५ मार्च २०२० ला आली. व्हिडिओ, नुसता आवाज आणि लेखी संदेश, तिन्हींना त्यात मान्यता आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायची, त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक हवा. समोर दाखवल्याशिवाय भागणार नाही असं वाटलं तर डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगावं. मॉर्फिनसारखी अमली औषधांच्या कायद्यात येणारी औषधं अशा तपासणीत लिहून द्यायची नाहीत, असंही ती नियमावली सांगते. अनोळखी डॉक्टर असतील तर वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर त्यांचा नोंदणी क्रमांक तपासा. यात संकोच कसला?

सरकारी सेवा हवी असेल तर ई-संजीवनी आहे. ती फुकट आहे, मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केली आहे. लॉकडाउनमध्ये, एप्रिल २०२० मध्ये, तिची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी, राज्य आणि ओपीडी निवडायची, रिपोर्ट जोडायचे, टोकन घ्यायचं आणि नंबर लागण्याची वाट बघायची. चिठ्ठी फोनवर येते.

पण म्हाताऱ्या माणसासाठी मी दुसरा रस्ता सुचवेन. गावातल्या उपकेंद्रात जा. त्यालाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरूनच मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी जोडून देतात. रक्तदाब, साखर, वजन तिथेच मोजलं जातं, समोर एक शिकलेलं माणूस बसलेलं असतं आणि नेहमीच्या बऱ्याच गोळ्या तिथेच मिळतात. तो अधिकारी कुठल्या दिवशी असतो, नेट कधी बरं चालतं, हे आशाताईंना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं.

घरून व्हिडिओ करणार असाल तर आदल्या दिवशी तयारी करा. औषधांची यादी, रक्तदाबाची सरासरी आणि शेवटचे रिपोर्ट आधीच पाठवून ठेवा. तक्रार दोन वाक्यांत लिहा: काय होतंय, कधीपासून, कशाने वाढतं. तीन प्रश्न कागदावर ठेवा, तीनच. जास्त झाले की महत्त्वाचा प्रश्न मागे राहतो.

बसताना खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, नाहीतर डॉक्टरांना फक्त सावली दिसते. फोन हातात धरू नका, तांब्याला टेकवून ठेवा. टॉर्च जवळ ठेवा, घसा दाखवायला लागतो. पायांवर सूज असेल तर पाय दाखवा: नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरायचा, सोडायचा आणि खळगा पडतो का ते कॅमेऱ्यासमोर दाखवायचं. पुरळ, जखम यांचे फोटो दिवसाच्या उजेडात आधी काढून ठेवा, व्हिडिओत रंग बदलतो.

आणि आईला बोलू द्या. पहिल्या वेळी मीच पुण्यातून बोलत राहिले आणि आई शेजारी गप्प. दुसऱ्या वेळी डॉक्टरच म्हणाले, "मावशी, तुम्ही सांगा." तेव्हा तिने सांगितलं की रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, आडवं पडलं की धाप लागते. हे तिने आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या एका वाक्यावर डॉक्टरांनी टू-डी इको करायला सांगितला.

शेवटी डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्यासमोरच वाचून दाखवा: कुठली गोळी बंद, कुठली सुरू, पुढची तपासणी कधी, आणि काय झालं तर थेट घेऊन यायचं. हा शेवटचा प्रश्न कधीही सोडू नका.

छातीत दुखणं, अचानक तोंड वाकडं होणं, हातातली ताकद जाणं, बोबडी वळणं, बसल्याजागी धाप लागणं, पडून डोक्याला मार, पोटातली असह्य कळ: यांपैकी काहीही असेल तर व्हिडिओच्या नादी लागू नका. अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तिथपासून मोजतात. ती वेळ लिहून ठेवा आणि १०८ लावा.

बाकीच्या सोयी थोडक्यात

वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्न कितीही असो, पंतप्रधान जन आरोग्य योजनेचंच आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. गरज पडण्याआधी काढा आणि जवळचं कुठलं रुग्णालय योजनेत आहे ते आत्ताच बघून ठेवा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, भरती होताना आधी त्यांना भेटा.

पहिल्या पायरीत लिहिलेलं घटकाचं नाव इथे पुन्हा उपयोगी पडतं. जनऔषधी सुगम या ॲपमध्ये ते टाकलं की जनऔषधी केंद्रातली (स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेच्या दुकानातली) किंमत आणि जवळचं केंद्र कळतं. रक्त हवं असेल तर ई-रक्तकोशवर कुठल्या रक्तपेढीत कुठल्या गटाचं रक्त आहे ते दिसतं, पण निघण्याआधी फोन करून खात्री करा. मन खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही. हा नंबर आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांसाठीही आहे. वहिनीच्या फोनमध्ये मी तो स्वतः घालून दिला.

रिपोर्ट समजून घ्यायला आता पुष्कळ लोक एआयला विचारतात. शब्दाचा अर्थ आणि डॉक्टरांना काय विचारावं, एवढ्यासाठी ठीक आहे. गोळी सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं यासाठी अजिबात नाही. आणि रिपोर्टवरचं नाव, फोन नंबर झाकल्याशिवाय तो कुठेही चढवू नका.

फसवणूक आणि आईची मर्जी

मोठ्या हॉस्पिटलची अपॉइंटमेंट घेताना इंटरनेटवर दिसेल तो नंबर फिरवू नका. माझ्या मावसभावाने तसा फिरवला. पलीकडच्या माणसाने "नोंदणीचे दहा रुपये भरा" म्हणून लिंक पाठवली, एक फाइल फोनवर टाकायला लावली आणि तासाभरात खातं रिकामं. नंबर केसपेपरवरून किंवा हॉस्पिटलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी फाइल) कधीही उघडू नका, मग ती आयुष्मान कार्डाच्या नावाने येवो की लॅब रिपोर्टच्या. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर तितके पैसे परत मिळणं कठीण.

कागद घरातल्याही सगळ्यांसाठी नसतात. आईचा एक सोनोग्राफीचा रिपोर्ट मी घाईत घरच्या ग्रुपवर टाकला. त्यात काका, मेव्हणे, सगळे होते. आई रागावली नाही, नुसती म्हणाली, "विचारायचंस तरी." तेव्हापासून कुठला कागद कुणाला दाखवायचा हे तिला विचारून ठरतं.

शेवटची पायरी: कपाटावरचा कागद

फोन बंद पडतो, रेंज जाते, पासवर्ड एकट्या मुलालाच माहीत असतो. म्हणून एक कागद छापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. त्यावर रक्तगट, ॲलर्जी, आजार, औषधांची यादी तारखेसकट, नेहमीच्या डॉक्टरांचा आणि दोन नातेवाइकांचा नंबर, जवळच्या योजनेतल्या रुग्णालयाचं नाव, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात १०८. याचाच गोषवारा फोनच्या लॉक स्क्रीनवरच्या आपत्कालीन माहितीतही भरा, कुलूप न उघडता तो वाचता येतो. औषध बदललं की कपाटावरचा कागद काढून नवा लावायचा आणि जुना फाडून टाकायचा. आमच्याकडे हे काम वहिनीची मुलगी करते, आणि नवा कागद लावला की तारखेसकट फोटो मला पाठवते.